उशीचे ठोके ९६ : सोलापुरात विकल्या जाणाऱ्या नकली हार्ट रेट पट्ट्याबद्दल

सोलापुरात पहाटे फिरायला, पळायला, सायकल मारायला जाणाऱ्या मंडळींमध्ये सध्या छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा निम्म्याहून कमी किमतीत विकला जातोय. आमच्या घरात त्याचे दोन नग आले. तो नकली आहे. नकली म्हणजे नुसतं मोठ्या कंपनीचं नाव छापून आत हलका माल भरलाय, एवढ्यावर भागलेलं नाही. त्यात ठोके मोजायची सोयच नाही. तरी आकडा दिसतो, आणि सहज पटेल असा दिसतो.

खरा पट्टा काय करतो ते आधी सांगतो, म्हणजे फसवणूक कुठे आहे ते कळेल. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला छातीच्या कातडीवर विजेचा अगदी बारीक झटका उमटतो. ईसीजीच्या कागदावर जो टोकदार शेंडा येतो तो हाच. पट्ट्याच्या आतल्या अंगाला दोन रबरी किंवा कापडी पट्ट्या असतात, त्या तो झटका टिपतात. समोर टिचबटणांनी बसवलेली डबी दोन शेंड्यांमधला वेळ मोजते. वेळ एक सेकंद असेल तर ठोके ६०. हा आकडा ब्लूटूथने मोबाईलवर जातो. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली बिनतारी मॉनिटर आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. मनगटावरचं घड्याळ व्यायामात सहसा विजेचं काही बघत नाही, ते हिरव्या दिव्याने कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघतं. पळताना ते कधीकधी ठोके सोडून पावलंच मोजत बसतं. म्हणून ज्याला नेमका आकडा हवा तो पट्टा घेतो.

आम्हाला तो हवा होता दादासाठी. थोरला भाऊ, वय ५८, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवून तपासणी केली आणि सांगितलं, रोज चाला, पण ठोके ११०च्या वर जाऊ देऊ नका. दादा मुळात हिशोबी माणूस. आकडा मिळाला की त्याला धीर येतो. मला स्वतःला सायकलसाठी हवाच होता, म्हणून दोन घेतले.

विकणारा रविवारी सकाळी पार्क मैदानाबाहेर टेबल टाकून बसायचा. मागे बॅनर, टेबलावर शेकर, दोऱ्या, घड्याळं. बोलायला एकदम गोड.

“सर, शोरूमला जावा, साडेआठ हजार सांगतील. आपल्याकडं तीन हजार दोनशे. दुबईचा माल हाय ओ, कस्टममधनं सुटलेला.”

बिल मागितलं तर म्हणाला, “बिलावर जीएसटी लागतंय की सर, कशाला उगं?” मी जीएसटी भरायची तयारी दाखवली, तेव्हा छापील बिल फाडून दिलं. पैसे यूपीआयने दिले. पडद्यावर नाव बाईचं आलं, त्यावर उत्तर तयार: “मिसेसचं अकाउंट हाय.” बॉक्समध्ये एक रंगीत तक्ता होता, २२० वजा वय असा. दादाला त्याने तिथल्या तिथे हिशोब करून दिला. २२० वजा ५८ म्हणजे १६२, त्याच्या ८५ टक्के म्हणजे १३८. “तिथवर बिनधास्त चाला काका, डॉक्टर लोकं भीती घालत्यात.”

हा हिशोब म्हणजे सरसकट माणसांसाठीचा ढोबळ अंदाज. दादासारखी ठोके मंद ठेवणारी गोळी, बीटा ब्लॉकर, जो घेतो त्याला तो लागूच होत नाही. पट्ट्याच्या पैशापेक्षा मला या वाक्याचा राग जास्त आहे. टेबल टाकून बसलेला माणूस हृदयाच्या पेशंटला मर्यादा वाढवून देतो!

वापरायला घेतल्यावर काही दिवस सगळं झकास. पट्टा बांधला की ७४, ७६. चालायला लागलं की ९५, १००. पळालं की १५५ च्या आसपास. थांबलं की हळूहळू खाली. कोणाला शंका येईल? कंपनीच्या ॲपमध्ये मात्र पट्टा सापडेना. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “दुबई व्हर्जन हाय सर, इंडियातलं ॲप घेत न्हाई. दुसरं कुठलंबी फुकटचं टाका.” फुकटच्या ॲपमध्ये तो लगेच जोडला गेला.

पहिली खोट निघाली तुळजापूरच्या घाटात. सायकलवर होतो, चढावर जीभ बाहेर आलेली, छातीचे ठोके कानात ऐकू येत होते, आणि मोबाईल म्हणत होता ८४. पाणी मारून पट्टा ओला केला, घट्ट केला. ८२. घाटमाथ्यावर बसून दम खाल्ला तरी ८० च्या खाली फारसा उतरेना. मला वाटलं सेल संपत आला असेल. पण घरी आल्यावर पट्टा अंगावर तसाच ठेवून पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसलो, होटगी रोडकडे काम होतं. आपल्या शहरातले खड्डे तुम्हाला माहीतच आहेत. मागे नुसता बसलेला मी, आणि आकडा १४१.

मग डोक्यात प्रकाश पडला. पळताना अंग हलतं, चालताना थोडं हलतं, सायकलवर छाती जवळजवळ स्थिर असते. घरी येऊन पट्टा काढला, कोरडा केला आणि कॉटवरच्या उशीला बांधला. रबरी पट्ट्यांना हात लागू दिला नाही. मोबाईलवर ७२. उशी दोन्ही हातांनी झुलवली तर ९६. जोरात हलवली तर १५०. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी काही न बोलता दादाला हाक मारली.

त्या आधीपासूनच म्हणत होत्या, “भाऊजी, ह्यांना जिन्यात धाप लागतीय, पण मोबाईल म्हणतोय सगळं बरं हाय.” दादा रोज संध्याकाळी कंबर तलावाकडे चालायचा. आकडा १०४, १०६ दिसतोय, अजून जागा आहे, असं धरून वेग वाढवत गेला होता. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेलो. नेहमीच्या वेगात चालून थांबल्याबरोबर त्याच्या मनगटाची नाडी धरली, घड्याळ लावून तीस सेकंद मोजली. ६६. म्हणजे मिनिटाला १३२. त्याच क्षणी मोबाईलवर १०३. दादाचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी ईसीजी काढला, सुदैवाने त्यात काही निघालं नाही. बोटांनी नाडी कशी मोजायची ते मात्र दादाकडून चांगलं दोनदा करून घेतलं.

माझी डबी मी नवी पेठेत मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या मित्राकडे उघडायला दिली. त्याने चाकूने झाकण उचकटलं आणि भिंगाखाली धरलं. आत एक छोटा बोर्ड, त्यावर ब्लूटूथची चिप, हालचाल ओळखणारी आणखी एक चिप आणि गोल सेल. पट्ट्याला जोडणारी जी दोन टिचबटणं, ज्यांच्यातून हृदयाचा झटका आत यायचा, ती आतून नुसती गोंदाने चिकटवलेली. तिथून बोर्डाकडे जाणारी एकही तार नाही, सोल्डरचा डाग नाही, कधी डाग दिल्याची खूणही नाही. मित्र म्हणाला, “ह्याला छाती लागतच न्हाई ओ. हलवणारा कोणतरी पाहिजे.”

दादाच्या डबीच्या मागचा नंबर वाचला. माझ्या डबीवरही तोच. प्रत्येक नगाला वेगळा असायला हवा तो नंबर आमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी हा पट्टा घेतला त्या सगळ्यांच्या डबीवर एकच निघाला. मैदानावरचे दोन तरुण तर या पट्ट्याने दाखवलेल्या ठोक्यांवर शर्यतीची तयारी करत होते.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. खरा पट्टाही सुरुवातीला वेडेवाकडे आकडे दाखवू शकतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कातडी कोरडी असते आणि पॉलिस्टरचा टी-शर्ट घासून विजेचा गोंधळ करतो. घाम आला किंवा पट्टा आधीच ओला केला की तो ताळ्यावर येतो. तेव्हा चार उड्या मारल्या म्हणून कोणाच्या पट्ट्याला लगेच नकली ठरवू नका. खरी परीक्षा अंगावरून काढल्यावर. खऱ्या पट्ट्याला माणूस मिळाला नाही की तो आकडा दाखवत नाही. आमच्या पट्ट्याला माणसाशी काही देणंघेणंच नव्हतं.

विकणाऱ्याकडे गेलो तर पहिल्यांदा “पाणी लावा सर”, मग “सेल बदला”, मग “माल वरनंच तसा आलाय, मी काय करू?” पैसे मागितल्यावर पुढच्या रविवारी टेबलच नव्हतं. फोन आधी वाजायचा, आता बंद.

मग बिल नीट बघितलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७. पत्ता सोलापूरचा छापलेल्या या बिलावर सुरुवात २९ ने, म्हणजे कर्नाटक. जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही क्रमांक टाकून बघता येतो, खातं लागत नाही. तिथे निघालं पलीकडच्या एका कापड व्यापाऱ्याचं नाव. त्या बिचाऱ्याला आपला क्रमांक इथे फिरतोय याचा पत्ताही नसेल. बॉक्सवर बाहेरच्या देशातून आलेल्या मालावर छापावं लागतं ते आयात करणाऱ्याचं नाव आणि पत्ता कुठेच नव्हतं. किंमत होती, तीही वेगळ्या स्टिकरवर.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. तिथे बिल, बॉक्सचे फोटो आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक मागितला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत दाखल करता येते, म्हणून आम्ही काही जण मिळून तिथेही जाणार आहोत. अडचण एवढीच की समोरचा पक्ष कोण, हे आमच्याकडे फक्त बॅनरवरच्या नावापुरतं आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं मात्र खरं आहे आणि बँकेकडे त्याची माहिती आहे. आमची सगळी भिस्त आता त्यावर आहे.

परवा बार्शीच्या एका ओळखीच्यांनी त्यांच्या ग्रुपवरचा फोटो पाठवला. तोच काळा बॉक्स, तोच रंगीत तक्ता, किंमत आता दोन हजार आठशे. ज्यांनी आधीच घेतलाय त्यांनी चिडून पट्टा कचऱ्यात टाकू नका. डबी उघडायचीही घाई करू नका. मागच्या नंबरचा फोटो काढा, उशीला बांधून एक व्हिडिओ करा, बिल आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट एकत्र ठेवा. एकच नंबर असलेल्या जेवढ्या डब्या तक्रारीला जोडता येतील तेवढ्या आम्हाला हव्या आहेत.