नाल, उघडे खूर की मालिश? कोल्हापुरात घोडा-कुत्रा पाळणाऱ्यानं आधी कशावर खर्च करावा

घोडा आखडून चालायला लागला, पाठीवर हात ठेवला की अंग चोरायला लागला, की मालकाकडे सल्ल्यांची रीघ लागते. एक म्हणतो नाल बदला. दुसरा म्हणतो नाल काढूनच टाका, उघड्या खुरावर ठेवा. तिसरा मालिशवाल्याचा नंबर देतो, हल्ली त्याला बॉडीवर्क म्हणतात. चौथा म्हणतो आधी डॉक्टर. घरातल्या म्हाताऱ्या लॅब्राडॉरबद्दलही थोड्याफार फरकानं हेच ऐकायला मिळतं. यातला कुठलाच सल्ला खोटा नाही. पण पैसा मोजका असतो, आणि क्रम चुकला की जनावर विनाकारण महिनोन्‌महिने दुखणं काढतं. माझं मत आधीच सांगून टाकावं हे बरं: घोड्याचे खूर आणि कुत्र्याची नखं पहिली, लंगडेपणा असेल तर त्याच वेळी पशुवैद्यक, आणि मालिश त्यानंतर.

दुखतं पाठीत, मूळ खुरात

घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. खुराचं कवच महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतं. वरच्या केसाळ कडेपासून पुढच्या टोकापर्यंत नवं कवच खाली उतरायला ९ ते १२ महिने जातात. मोकळ्या माळावर दिवसभर हिंडणाऱ्या घोड्याचं कवच चालता चालता झिजतं. बांधून ठेवलेल्या किंवा नाल मारलेल्या घोड्याचं झिजत नाही, ते पुढे लांबत जातं. टोक लांब आणि टाच बसकी झाली की पाऊल उचलायला उशीर होतो आणि पायाच्या मागच्या कंडऱ्यांवर ताण येतो. मग घोडा पाऊल आखूड टाकतो, खांदा ताठ धरतो, आणि ते हळूहळू पाठीपर्यंत पोचतं. अशा घोड्याच्या पाठीला कितीही जाणता हात लागला तरी दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आजार म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, तशातली ही गत.

म्हणून कुणालाही बोलवण्याआधी एक गोष्ट घरीच करा. घोड्याला कडक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडक्या चालीनं पळवून आणा आणि मोबाइलवर बाजूनं व समोरून चित्रण करा. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला पाय टेकताना डोकं खाली येतं. पुढच्या पायाचा लंगडेपणा बहुतेक वेळा खुरातच सापडतो. हे चित्रण नालबंदाला दाखवा आणि डॉक्टरांनाही.

नाल मारायची तर

आपल्या जिल्ह्यात नालबंद शोधायला निघालं की बहुतेकदा बैलांना पत्री मारणारा माणूस भेटतो. ऊसतोडीच्या हंगामात गाडीला जुंपलेल्या बैलांवर त्याचं पोट असतं आणि त्या कामात त्याचा हात पक्का असतो. पण बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला दोन पातळ पत्र्या. घोड्याचा खूर अखंड, आणि वजन पडलं की मागच्या बाजूनं किंचित फाकणारा. तो फाकू द्यायचा तर खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागात, रुंद जागेपर्यंतच हवेत. टाचेपर्यंत खिळे ठोकले की खूर आवळला जातो आणि काही महिन्यांत टाचा अरुंद होतात. बैलाच्या कामात मुरलेला माणूस हे शिकू शकत नाही असं नाही, पण त्याला घोड्याचं काम येतं का हे विचारायला संकोच करू नका.

काम बघताना माझी नजर सगळ्यात आधी एका गोष्टीवर जाते. नाल खुराच्या मापाची वाकवली जाते, की तयार नाल ठोकून बाहेर आलेला खूर कानशीनं घासून नालेच्या मापात आणला जातो? दुसरा प्रकार दिसायला सुबक असतो, पण त्यात कवचाचा बाहेरचा टणक थर जातो आणि खिळा धरायला काही उरत नाही. तळवा खरवडून पातळ करणाराही नको. खडीवर पाय पडला की तोच तळवा घोड्याला वाचवतो. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला फ्रॉग म्हणतात. त्याच्या लोंबणाऱ्या चिंध्या काढाव्यात, बाकी त्याला हात लावू नये.

आणि सगळ्यात मोठी चूक नालबंदाची नसते, मालकाची असते. नाल झिजेपर्यंत चालवायची, हा आपल्याकडचा सर्रास हिशेब. लोखंड टिकलं तरी खूर खाली वाढतच असतो. दर ६ ते ८ आठवड्यांनी नाल काढून, खूर कापून, तीच नाल पुन्हा बसवता येते. हा खर्च टाळणाऱ्यानं मालिशवर पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

नाल कुणाला लागते? रोज डांबरी रस्त्यावर तासन्‌तास काम करणाऱ्या घोड्याला. टांग्याचा, वरातीचा, पन्हाळ्यावर सुट्ट्यांच्या दिवसांत सकाळपासून पर्यटक वाहणारा घोडा यात येतो. जांभ्या खडकावर आणि डांबरावर वाढीपेक्षा झीज जास्त होत असेल तर उघडा खूर त्या घोड्याला दुखवतो. ज्याचं कवच मुळातच ठिसूळ आहे, किंवा ज्याला डॉक्टरांनी विशिष्ट आकाराची नाल सांगितली आहे, त्यालाही ती लागते. तिची बाजू पडते ती पावसाळ्यात, कारण ओल्या डांबरावर गुळगुळीत लोखंड सटकतं.

उघडे खूर ठेवायचे तर

उघडे खूर म्हणजे नाल काढून घोडा तसाच सोडून देणं, असा अर्थ कुणी घेत असेल तर त्यानं नालच ठेवावी. इथे दर ४ ते ६ आठवड्यांनी कापणी लागते, कडा गोल कराव्या लागतात आणि सुरुवातीचे काही महिने घोड्याच्या कलानं घ्यावं लागतं. फ्रॉग जमिनीला टेकायला लागतो, टाचा रुंदावतात, पावलाचा धक्का खुरातच जिरतो. हे फायदे खरे आहेत. पण ते धीर धरणाऱ्यालाच मिळतात. नाल काढल्यावर आठवड्याभरात खडीवर सवारीला नेलेला घोडा पायानं दुखावतो आणि माणसावरही बिथरतो. मधल्या काळात खुराला घालायचे रबरी बूट मिळतात. माप नीट घेतलं तर ते उपयोगी पडतात, पण चिखलात निसटतात.

नाल काढायची कधी, हा प्रश्न आपल्याकडे जास्त अवघड आहे. चातुर्मासात लग्नं नसतात, वरातीच्या घोड्याला सुट्टी असते, म्हणून तोच काळ सोयीचा वाटतो. पण आषाढ-श्रावणात पन्हाळ्याकडे आणि पश्चिमेच्या तालुक्यांत जमीन आठवडेच्या आठवडे ओली राहते. भिजलेला तळवा मऊ होतो, खडा लगेच टोचतो आणि फ्रॉगच्या खाचेत सड लागते. काळा, चिकट, घाण वासाचा स्राव दिसला की ही सड समजावी. मला भाद्रपदाची अखेर ते दिवाळी हा काळ सर्वात योग्य वाटतो. पाऊस ओसरलेला असतो आणि तुळशीच्या लग्नानंतरची धावपळ अजून लांब असते. तोवर पागेपुढे मुरूम किंवा बारीक खडी टाकून, पाणी काढून देऊन, एक कोरडी जागा तयार करून ठेवा. खाली भाताचं पिंजर असेल तर मूत मुरलेलं पिंजर रोज काढा. खूर रोज हुकानं साफ करा. सडीवर मोरचूद चोळायची जुनी सवय आहे. जिवंत, ओल्या मांसाला ते भाजतं, म्हणून जखम खोल असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उघड्या खुराच्या यशापयशात खाण्याचा वाटा मोठा आहे, आणि ऊस-गुळाच्या मुलखात हे बोलायलाच हवं. घोडा सुकला म्हणून गुळाचे खडे वाढवणं, दाण्याचं माप एकदम दुप्पट करणं, उसाचे कांडे हवे तितके खाऊ घालणं, यातून खुराच्या आतल्या थरांना सूज येते. तिला लॅमिनायटिस म्हणतात. कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारा थरच ढिला पडतो. वारंवार सूज येत असेल तर नाल की उघडा खूर हा वाद नंतरचा. आधी दाणा आणि साखर आवरा.

कामाचा, डांबरावरचा घोडा असेल तर नाल, पण वेळापत्रकानं. हौसेचा, माळावर आणि शेतातल्या वाटांवर फिरणारा घोडा असेल तर उघडे खूर. मागच्या पायांवर भार कमी असतो, म्हणून पुढे नाल आणि मागे उघडे खूर हा मधला मार्गही पुष्कळ घोड्यांना मानवतो. उघड्या खुराची कापणी शिकलेली माणसं बहुधा पुण्या-मुंबईकडून येतात. एकट्यासाठी प्रवासखर्च परवडत नाही, चार-पाच मालकांनी मिळून एकच दिवस ठरवला तर परवडतो. आपल्या भागात सैन्यातून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. त्यांत कुणी रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे लष्कराची जनावरं सांभाळणाऱ्या दलात, नालबंदीचं काम केलेला असेल, तर त्याला धरून ठेवा.

मालिश आणि बॉडीवर्क

खरारा आपल्याकडे नवा नाही. जुना मोतद्दार सकाळ-संध्याकाळ घोडा चोळायचा तेव्हा त्याच्या हाताला सूज, गरमपणा, दुखरी जागा आपोआप कळायची. मला मालिशचा हा उपयोग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो फुकट आहे.

पैसे देऊन घ्यायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. खेळाडूंसारखी खोल मालिश, स्नायूंवरची आवरणं सैल करणारं मायोफेशिअल काम, लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी १९७०च्या दशकात विकसित करायला घेतलेला हलक्या वर्तुळाकार स्पर्शाचा टी-टच, आणि घोड्याची पापणी हलते का यावर नजर ठेवून हात थांबवणारी मास्टरसन पद्धत. घोडा मान खाली सोडतो, जिभेनं ओठ चाटतो, चघळतो, जांभया देतो, तेव्हा तो सैलावलाय असं समजतात. मालिशनं घोडा शांत होतो, स्नायू काही काळ मोकळे होतात, एवढं विश्वासानं म्हणता येतं. लंगडेपणा बरा होतो असं म्हणता येत नाही. तसा दावा करणाऱ्याला मी घोड्याजवळ येऊ देणार नाही. फोटो पाठवा, लांबून ऊर्जा देतो, असं सांगणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नका.

चांगला माणूस ओळखायचा तो त्याच्या प्रश्नांवरून. तो खूर शेवटचे कधी कापले विचारतो, खोगीर मागवून घोड्याच्या पाठीवर ठेवून बघतो, दातांची चौकशी करतो, आणि ताप, ताजी जखम किंवा सूज असेल तर हात लावायला नकार देतो. एकच खोगीर सगळ्या घोड्यांवर फिरवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. पाठीच्या कित्येक गाठी खोगिरानं दिलेल्या असतात.

कुत्र्यासाठी हिशेब वेगळा

कुत्र्याच्या बाबतीत मालिशचं पारडं घोड्यापेक्षा जड आहे. सांधेदुखीचा म्हातारा कुत्रा, किंवा पायाच्या शस्त्रक्रियेतून उठणारा, यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेल्या फिजिओथेरपीचा खरा उपयोग होतो. तरी इथेही आधी नखं. फरशीवर उभ्या असलेल्या कुत्र्याची नखं टेकत असतील, चालताना टकटक वाजत असतील, तर बोटं वर ढकलली जातात आणि भार मागे जातो. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, म्हणून एकदम आखूड कापता येत नाही. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं थोडं कापलं की ती आत सरकते. आतल्या बाजूचं वरचं नख जमिनीला लागतच नाही. ते वळून मांसात घुसलेलं पुष्कळ घरांत उशिरा लक्षात येतं.

कारवानी जातीचा शिकारी कुत्रा पाळणाऱ्यांनी खोल दाबाची मालिश टाळावी. त्यांच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ असते. त्यांना शहाबादी फरशीवर जाड गादी जास्त सुख देते. गुळगुळीत ग्रॅनाइटवर घसरणाऱ्या कुत्र्याला सतरंजी अंथरा, आणि वजन जास्त असेल तर ते उतरवा. या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो महिन्यातून एकदा घेतलेल्या मालिशनं पडणार नाही. चैत्र-वैशाखात दुपारी डांबरावर नेऊ नका. तळहाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवत नसेल तर पंजे भाजतात. पोहण्याचा व्यायाम चांगला, पण प्लास्टिक घातलेल्या शेततळ्यात कधीच नको, कुत्र्याला कडेवर चढता येत नाही.

एक सूचना कळकळीची. घरातलं दुखण्यावरचं तेल किंवा जेल कुत्र्याला चोळू नका. कापूर, निलगिरी, टी ट्री तेल, डायक्लोफिनॅकचं जेल, हे सगळं तो चाटतो आणि त्याला विषबाधा होते. आयब्युप्रोफेनची गोळीही तितकीच घातक. चोळायचंच तर कोरड्या हातानं चोळा.

डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नये असे प्रसंग

निदान आणि औषधोपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच काम. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यातही तसंच आहे. इथल्या डॉक्टरांना घोड्याचा फारसा अनुभव नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवायला सांगा, ते पुण्याच्या वाटेवरच आहे. नाल मारल्यावर एक-दोन दिवसांत लंगडायला लागला तर खिळा आत गेलेला असू शकतो. नालबंदाला बोलवून तो त्याच दिवशी काढून घ्या. खुरात खिळा किंवा काच घुसली तर धनुर्वाताची लस झाली आहे का हे डॉक्टरांना लगेच सांगा, घोड्याला धनुर्वात फार चटकन होतो.

आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा असेल, खूर गरम लागत असतील, पायाच्या मागची नाडी जोरात उडत असेल, तर त्याला चालवू नका, चोळू नका. दाणा बंद करा, पुढचे खूर बर्फाच्या पाण्यात उभे करा, डॉक्टरांना फोन लावा, आणि त्या दिवशीच्या मालिशवाल्याला येऊ नको म्हणून कळवा.