मुक्त विद्यालयातून दहावी : विट्यातील एका घराचा अनुभव

आमच्या खानापूर तालुक्यातील असंख्य कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. माझा धाकटा भाऊ तामिळनाडूत सोने-चांदी गाळण्याचे दुकान चालवतो. आईच्या आजारपणामुळे वहिनी आणि पुतण्या विट्याला परतले, तेव्हा तो नववीत होता. त्याला इंग्रजी आणि तमिळ उत्तम लिहिता येत होते, मराठी मात्र केवळ बोलण्यापुरती. इथल्या शाळेत ऐन दहावीच्या तोंडावर मराठीचा पेपर त्याला झेपणार नाही, हे दिसत होते. म्हणून आम्ही त्याचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत घातले. या व्यवस्थेविषयी आमच्या भागात जे गैरसमज आहेत, त्यांतील बहुतेक त्या वेळी आमच्याही मनात होते.

पहिला गोंधळ नावाचा. ‘म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म ना?’ असे निम्म्या भावकीने विचारले. सतरा नंबरचा अर्ज हा राज्य मंडळाची परीक्षा शाळेत न जाता, खासगीरीत्या देण्यासाठी असतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही वेगळी संस्था आहे आणि राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही वेगळे आहे. आम्ही निवडलेली संस्था केंद्र सरकारने 1989 मध्ये ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालय’ या नावाने स्थापन केली, 2002 मध्ये तिला आजचे नाव मिळाले आणि तिचे मुख्यालय नोएडाला आहे. तिच्या प्रमाणपत्राला सीबीएसईच्या प्रमाणपत्राइतकीच मान्यता आहे. मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशापासून दूर ठेवणारा जुना नियमही दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द ठरवला. तरीही ‘पुढे डॉक्टरकीला चालत नाही’ हे वाक्य मला आजही ऐकावे लागते, आणि त्या एका वाक्यामुळे किती पालक माघारी फिरत असतील, या विचाराने वाईट वाटते.

दुसरा समज असा, की सगळे मोबाईलवर असते, त्यामुळे परीक्षाही घरबसल्या होत असेल. तसे अजिबात नाही. नावनोंदणी ऑनलाइन होते, ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर पाठ पाहता येतात, परंतु सार्वजनिक परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर, कागदावर लिहूनच द्यावी लागते. ती वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. विज्ञानाची प्रात्यक्षिकेही असतात. एकदा नाव घातले, की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. या सवलतीवरून लोक परीक्षा सोपी असल्याचे अनुमान काढतात. मुभा वेळेची आहे, अभ्यासाची नाही.

याची प्रचिती आम्हाला गृहपाठाने दिली. प्रत्येक विषयाचा एक लेखी स्वाध्याय द्यावा लागतो आणि त्याला वीस टक्के भार असतो. पुतण्याने इंग्रजी, तमिळ, गणित, विज्ञान आणि सामाजिक विज्ञान असे पाच विषय घेतले होते. तमिळचा स्वाध्याय तो माजघरात बसून लिहीत असे आणि त्याच वेळी तामिळनाडूतून भाऊ फोनवर असे. भावाला तमिळ अस्खलित बोलता येते, वाचता मात्र अक्षरही येत नाही. त्यामुळे मुलगा लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवी आणि बाप दुकान बंद करता करता वाक्य कुठे अडखळते ते सांगे. विट्यातल्या घरात तमिळ घेऊन दहावी करता येते, हे या व्यवस्थेचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे वैशिष्ट्य आहे.

विषयनिवडीचे हे स्वातंत्र्य जपून वापरावे. दहावीला किमान पाच विषय आणि त्यांत एक तरी भाषा एवढीच अट असल्याने गणित आणि विज्ञान वगळता येतात. मात्र अकरावीला विज्ञान शाखा हवी असेल, तर ती चूक महागात पडते.

आमची फसगत झाली ती वेगळ्याच ठिकाणी. जिल्ह्यातील एका खासगी क्लासने ‘पास होण्याची हमी’ देऊन मूळ शुल्काच्या कित्येक पट रक्कम घेतली आणि स्वाध्याय ‘आम्हीच लिहून देऊ’ असे सांगितले. आम्ही तिथून बाहेर पडलो, पैसे मात्र परत मिळाले नाहीत. अर्ज पालकांना स्वतः भरता येतो, ही गोष्ट त्या वेळी कोणीतरी सांगायला हवी होती.

अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी एका महाविद्यालयातील लिपिकाने गुणपत्रिका उलटसुलट करून विचारले, ‘बाहेरून दिलीय ना? मग शाळा सोडल्याचा दाखला कुठाय?’ संस्थेकडून गुणपत्रिकेसोबत स्थलांतर-नि-बदली प्रमाणपत्र मिळते आणि तेच दाखल्याच्या जागी चालते. ते समोर ठेवल्यावर त्यांनी वरिष्ठांना विचारले आणि प्रवेश झाला.

उणीव एकच, पण मोठी आहे. सकाळी गल्लीतली पोरे गणवेश घालून शाळेला निघत, तेव्हा हा खिडकीशी पुस्तक घेऊन बसे. पहिले दोन महिने तो गप्प गप्प होता. शेवटी आम्ही रोजचे वेळापत्रक भिंतीला लावले, संध्याकाळी त्याला मैदानावर धाडले आणि वहिनी दुपारी दोन तास त्याच्यासमोर स्वतःचे शिवणकाम घेऊन बसू लागल्या. ज्या घरात असे दोन तास कोणी देऊ शकत नाही, तिथे मी या मार्गाची शिफारस करणार नाही.

पुतणीला जूनमध्ये चौदा वर्षे पूर्ण होत आहेत. दहावीच्या प्रवेशाची किमान वयोमर्यादा तेवढीच आहे. तिचा अर्ज या वेळी आम्ही घरीच भरणार आहोत आणि भाषेच्या रकान्यात काय लिहायचे, हे तिने आधीच ठरवले आहे.