आमदाराची फाइल फुकटात वाचायला मिळते, वाचा! (उमेदवार शपथपत्र सेवेचा रिव्ह्यू)

रेटिंग आधी देतो, 5 पैकी 4. एक स्टार का कापला ते खाली येईलच.

रिव्ह्यू कशाचा तर निवडणूक आयोगाच्या साइटवर उमेदवारांची शपथपत्रं (अर्जासोबत स्वतःची मालमत्ता, केसेस वगैरेंची शपथेवर दिलेली माहिती) बघायला मिळतात त्या सेवेचा, आणि त्याच्याच जोडीला जुन्या निकालांचे जे सांख्यिकी अहवाल, म्हणजे कोण कुणाकडून लढला आणि किती मतं पडली याचे तक्ते, मिळतात त्यांचा. मी दोन्ही एकत्रच धरतोय कारण एकट्या शपथपत्राचा उपयोग अर्धाच आहे, ते का तेही सांगतो. पैसे लागत नाहीत, निवडणूक निवडायची, राज्य निवडायचं, मतदारसंघ निवडायचा की सगळ्या उमेदवारांची यादी येते, नावावर गेलं की पीडीएफ. मोबाइलवर बघायचं असेल तर आयोगाच्याच अॅपवरही बघता येतं.

मी पुण्यातल्या वडगाव शेरीचा मतदार. आमच्याकडे चौकाचौकात फ्लेक्स असतात, कार्यसम्राट, विकासपुरुष, भावी आमदार, वाढदिवसाला तर रस्ता दिसत नाही इतके. पण त्या माणसाने आधी कुठल्या पक्षाकडून लढलंय, किती मतांनी पडलाय, जमीन कधी घेतली, केसेस कसल्या आहेत हे त्या फ्लेक्सवर कधीच नसतं. आणि आपण पुणेकर फ्लॅट घेताना इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) बघतो, वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, आणि पाच वर्षांसाठी आमदार निवडताना ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डवर विश्वास ठेवतो, हे मला मनापासून खटकतं म्हणून हे सगळं लिहितोय.

ही सेवा कुणी कृपा म्हणून दिलेली नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी 1999 मध्ये एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही संस्था काढली आणि कोर्टात गेले की मतदाराला उमेदवाराची माहिती मिळाली पाहिजे. 2 मे 2002 ला सुप्रीम कोर्टाने मान्य केलं. मग सगळ्या पक्षांनी मिळून कायदाच बदलून ते बोथट करायचा प्रयत्न केला, आणि मार्च 2003 मध्ये कोर्टाने ती दुरुस्ती रद्द केली. म्हणजे आज आपण जी पीडीएफ दहा सेकंदात उघडतो ती मिळू नये म्हणून एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एक झाले होते. 2003 च्या आधीच्या निवडणुकांची अशी शपथपत्रं नसतात ती यामुळेच. भाजपचे गिरीश बापट पुण्याच्या कसब्यातून 1995 पासून 2014 पर्यंत सलग पाच वेळा निवडून आले, त्यातल्या 1995 आणि 1999 च्या वेळी मतदाराला असला कागद बघायची सोयच नव्हती.

आता आत काय असतं. याला नमुना 26 म्हणतात, नोटरी केलेलं असतं. पॅन, गेल्या पाच वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्नमधलं उत्पन्न, स्वतःचं, पती किंवा पत्नीचं, हिंदू अविभक्त कुटुंबाचं आणि अवलंबितांचं वेगवेगळ्या रकान्यात. हातातली रोकड, बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा, गाड्या, सोनं, मग शेतजमीन गट नंबरसकट, बिगरशेती जमीन, दुकानं, घरं, कर्ज, सरकारी थकबाकी, व्यवसाय काय, उत्पन्न कशातून येतं, सरकारी कंत्राट आहे का, शिक्षण. शेवटी भाग ब मध्ये सगळ्याचा गोषवारा असतो, घाई असेल तर डायरेक्ट तिथे जा. पूर्वी लोक रकाने कोरे सोडायचे, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही, सांगूनही भरलं नाही तर अर्ज बाद होऊ शकतो. पाच वर्षांचं उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ता हे 2019 पासून आलं.

वाचायचं कसं हा खरा मुद्दा आहे कारण बहुतेक लोक फक्त एकूण संपत्तीचा आकडा बघतात आणि बोंब मारतात की पाच वर्षांत दुप्पट झाली. अहो खराडी, वाघोली, धानोरीच्या बाजूला ज्याची वडिलोपार्जित जमीन आहे त्याची किंमत काही न करता दुप्पट होते, आयटी पार्क आलं, रस्ता आला की झालं. सोन्याचंही तसंच. म्हणून एकूण आकडा सोडा आणि त्या जमिनीच्या पुढे वारसाने आलीय की विकत घेतलीय, घेतली असेल तर कोणत्या तारखेला आणि किती रुपयांना, ते रकाने बघा. आमदार झाल्यावर नवीन गट नंबर किती वाढले आणि त्या काळात रिटर्नमध्ये उत्पन्न किती दाखवलंय, हे दोन आकडे शेजारी ठेवा. आकडे जुळत असतील तर त्या माणसाला उगाच चोर म्हणू नका, आणि नसतील जुळत तर प्रचाराला दारात येईल तेव्हा विचारा, तो कागद त्याने स्वतः शपथेवर दिलाय.

केसेसचंही तेच. 'याच्यावर आठ गुन्हे' असा मेसेज फिरतो पण कलमं कुणी वाचत नाही. आपल्याकडे पाणी आलं नाही म्हणून मोर्चा काढला, रस्ता अडवला, जमावबंदी मोडली की 143, 149, 188 अशी जुनी आयपीसीची कलमं लागायची, रस्त्यावर उतरणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्यावर अशा केसेस असतातच आणि मला तरी त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. 420 (फसवणूक), 307 (खुनाचा प्रयत्न), 354 (विनयभंग) असेल तर मात्र थांबून नीट वाचा. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली त्यामुळे नवीन केसेसचे कलम नंबर बदललेत, 420 शोधलं आणि सापडलं नाही म्हणजे फसवणुकीची केस नाही असं समजू नका. कोर्टाने दोषारोप निश्चित केलेत का, कोणत्या तारखेला, हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण नुसती तक्रार आणि कोर्टात उभा राहिलेला खटला यात फार फरक आहे. शिक्षणाच्या रकान्याबद्दल मी काही लिहीत नाही, दहावी पास चांगलं काम करणारे आणि डबल ग्रॅज्युएट निवांत बसणारे दोन्ही बघितलेत.

आता एक स्टार का कापला. नमुना 26 मध्ये तुम्हाला उमेदवाराचा आजचा पक्ष दिसतो, कालचा दिसत नाही. आधी कितीदा लढला, कुणाकडून, किती मतं पडली, डिपॉझिट वाचलं का, यातलं एक अक्षर नसतं. आणि आपल्या पुण्यात तर हीच माहिती सगळ्यात जास्त बोलते! म्हणून म्हटलं की निकालाचे जुने अहवाल जोडीला घ्यावेच लागतात.

आमचंच उदाहरण घ्या. वडगाव शेरी हा मतदारसंघ हद्दींच्या फेररचनेनंतर झाला, पहिली निवडणूक 2009, तेव्हा राष्ट्रवादीचे बापू पठारे आले. 2014 ला भाजपचे जगदीश मुळीक. 2019 ला राष्ट्रवादीचे सुनील टिंगरे, आणि हेच टिंगरे 2014 ला शिवसेनेकडून लढून मुळीकांकडून थोडक्यात हरले होते. 2024 ला परत बापू पठारे, पण आता शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून, मधल्या काळात भाजपमध्ये जाऊन आले, आणि हरवलं कुणाला तर अजित पवारांच्या राष्ट्रवादीतल्या टिंगरेंना. चार निवडणुका आणि असलेल्या आमदाराला आम्ही एकदाही परत निवडून दिलेलं नाही. 2014, 2019 आणि 2024 तिन्ही वेळा लीड पाच हजारांच्या आसपास. इतक्या मोठ्या मतदारसंघात पाच हजार म्हणजे दोन-चार मोठ्या सोसायट्या झाल्या, मग जे लोक म्हणतात माझ्या एका मताने काय होतंय त्यांना मी हा अहवाल उघडून दाखवतो.

त्यात अजून एक गोष्ट दिसते. 2014 ला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले तेव्हा आमच्याकडे साधारण 67 हजार मतांत माणूस आमदार झाला, आणि 2024 ला सव्वा लाखाच्या वर मतं घेऊनही दुसरा हरला. म्हणून नुसती मतं बघून कोण किती लोकप्रिय हे ठरवू नका, समोर किती जण होते, युती होती का ते बघा. आणि 2009 च्या आधीचे आकडे नंतरच्याशी जोडायला जाऊ नका, फेररचनेत सगळ्या हद्दी बदलल्या, कोथरूड तर तेव्हाच नव्याने झालं, आणि पर्वती आधी राखीव होतं ते खुलं झालं.

दुसरं उदाहरण कसबा, कारण ते महाराष्ट्रभर गाजलं. 2019 ला आमदार झालेल्या भाजपच्या मुक्ता टिळक डिसेंबर 2022 मध्ये वारल्या, फेब्रुवारी 2023 मध्ये पोटनिवडणूक लागली. प्रचारात भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी काँग्रेसच्या उमेदवाराबद्दल 'हू इज धंगेकर' असं विचारलं ते सगळ्यांना आठवत असेल. याचं उत्तर जुन्या अहवालात होतं की, 2009 ला हेच रवींद्र धंगेकर मनसेकडून बापटांना चांगलं झुंजवून गेले होते, 2014 ला परत लढले, आधी शिवसेनेत होते, अनेक वर्षं नगरसेवक. ज्याने तो अहवाल वाचला असता त्याला काँग्रेसच्या तिकिटावरचा सुमारे 11 हजारांचा तो विजय इतका धक्कादायक वाटला नसता. पण गोष्ट तिथे थांबत नाही, 2024 ला आधी लोकसभेला भाजपच्या मुरलीधर मोहोळांकडून सव्वा लाखाच्या जवळपास फरकाने हार आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला भाजपच्या ज्या हेमंत रासनेंना पोटनिवडणुकीत हरवलं होतं त्यांच्याकडूनच 19 हजारांहून जास्त मतांनी हार, आणि मार्च 2025 मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत प्रवेश. एकाच माणसाची दोन वर्षांच्या आत तीन शपथपत्रं, ती तिन्ही शेजारी ठेवून वाचली तर उमेदवाराचा कागद कसा बदलतो ते छान समजतं, ज्यांना सवय नाही त्यांनी प्रॅक्टिस म्हणून कुठल्याही अशा वारंवार लढणाऱ्या उमेदवारापासून सुरू करावं.

अजून एक कमी आहे आणि ती गंभीर आहे. उमेदवाराने लिहिलं ते खरं का हे आयोग तपासून मग साइटवर टाकतो असं नाही, जे दिलं ते जसंच्या तसं चढतं. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम 125अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण तक्रार घेऊन कोर्टात जाणार कोण? मला वाटतं निदान निवडून आलेल्या 288 जणांची तरी शपथपत्रं इन्कम टॅक्सच्या आणि सातबाऱ्याच्या रेकॉर्डशी ताडून निकाल जाहीर करायला हवा, तेवढं झालं तर हा राहिलेला स्टारही मी देईन. फाइल बऱ्याचदा स्कॅन केलेली असते, कुणी टाइप केलेलं तर कुणी हाताने भरलेलं, त्यामुळे आत शब्द टाकून शोधता येईलच असं नाही, शांत बसून पानं चाळायची तयारी ठेवा. तेवढा वेळ नसेल तर एडीआरची मायनेता साइट आहे, तिथे हीच माहिती तक्त्यात टाकलेली असते, एकाच उमेदवाराच्या दोन निवडणुकांमधली तुलनाही मिळते. पण तक्त्यातलं काही खटकलं तर मूळ पीडीएफ उघडूनच खात्री करा.

खाजगी अॅप्सपासून मात्र लांब राहा. 'तुमच्या आमदाराची कुंडली' असली एक जाहिरात बघून मी एक अॅप घेतलं होतं, नाव घेत नाही, त्याच्यात माझ्या आमदाराच्या नावापुढे भलत्याच जिल्ह्यातल्या सारख्या नावाच्या माणसाच्या केसेस जोडल्या होत्या. असं काही वाचून कुणी ग्रुपवर टाकलं तर एखाद्याची नाहक बदनामी. आपल्याकडे सारख्या नावाचे अपक्ष उभे करायची पद्धतच आहे, त्यामुळे वडिलांचं नाव आणि मतदार यादीतला भाग क्रमांक शपथपत्रात दिलेला असतो तो जुळवूनच पुढे पाठवा.

आमच्या बिल्डिंगमधले एक काका म्हणाले, "अरे, सगळे सारखेच, वाचून काय करणार?" मी त्यांना आमच्या दोन मुख्य उमेदवारांचे फक्त भाग ब प्रिंट काढून दिले, चष्मा लावून अर्धा तास वाचत बसले आणि मग मलाच विचारायला लागले की याच्या बायकोच्या नावावरचं हे दुकान नेमकं कुठल्या रस्त्याला रे. सारखे नसतात, वाचलं की फरक दिसतो.

जाता जाता, ही सेवा आमदार-खासदारांपुरतीच आहे. नगरसेवकाचं शपथपत्र इथे शोधू नका, महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि ते कार्यालय वेगळं, साइटही वेगळी. आणि जुनी शपथपत्रं काढणार असाल तर 2014, 2019, 2024 तिन्ही डाउनलोड करून एकाच फोल्डरमध्ये उमेदवाराच्या नावाने सेव्ह करा, पुढच्या वेळी तिकिटं जाहीर होतील तेव्हा पक्ष कुठलाही असो, नावं बरीचशी हीच असणार आहेत.