‘नव्या’ प्रोपेन टाक्यांपायी गेलेले ७३० डॉलर

अमेरिकेतल्या ओहायोत आमच्या १९७२ सालच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घराच्या) प्रोपेन गॅसच्या टाक्या बदलून देतो म्हणून एका फिरत्या दुरुस्तीवाल्याने माझ्याकडून ७३० डॉलर उकळले: तीस पौंडी दोन ‘नव्या अ‍ॅल्युमिनियम’ टाक्यांचे ४७०, रेग्युलेटर व गॅसच्या नळीचे ११०, मजुरी १२० आणि जुन्या टाक्यांच्या विल्हेवाटीचे ३०.

मी डोळे मिटून व्यवहार केला नव्हता. जादा गॅस भरू न देणारा, त्रिकोणी मुठीचा व्हॉल्व्ह नसलेली अशी टाकी एप्रिल २००२ पासून भरून मिळत नाही, हे मला ठाऊक होते, आणि तीच मूठ दाखवून त्याने माझा विश्वास संपादन केला. मात्र मी टाकीच्या कॉलरवर, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीच्या धातूच्या कड्यावर, हात फिरवला, तेव्हा चंदेरी रंग बोटाला चिकटला आणि कोरलेली अक्षरे रंगाने बुजलेली दिसली. ‘कारखान्यातलेच कोटिंग आहे, उन्हात सुकेल,’ असे तो म्हणाला. कारखान्यातून आलेल्या मालाचा रंग ओला कसा, हे त्याच क्षणी विचारायला हवे होते, या विचाराने आजही अंगाचा तिळपापड होतो. पण नवी म्हणून विकलेल्या वस्तूचा रंग खरवडून कोणता ग्राहक पाहतो?

गॅस भरणाऱ्याने तो खरवडला, तर खाली मार्च २००६ निघाले. टाकी बनल्यापासून बारा वर्षांनी फेरतपासणी लागते. या टाक्यांवर तपासणीचा एकही शिक्का नव्हता. तारीख स्वतः वाचल्याखेरीज टाकी ट्रेलरवर चढवू देऊ नका. लोहचुंबकही जवळ ठेवा. माझे चटकन चिकटले, म्हणजे टाक्या पोलादी होत्या. उलट ‘भंगार’ म्हणून त्याने उचलून नेलेल्या मूळ टाक्या अस्सल अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या. फेरतपासणीत उतरल्या असत्या, तर नवा व्हॉल्व्ह बसवून त्या पुन्हा वापरता आल्या असत्या.

पोलिसांनी ही दिवाणी बाब असल्याचे सांगून हात झटकले. झेल (Zelle) या मोबाईलवरून थेट बँक खात्यात पैसे पाठवण्याच्या सेवेने पैसे तुम्हीच पाठवलेत, असे बँकेने सुनावले. तेव्हा क्रेडिट कार्ड न घेणाऱ्याला काम देऊच नका. राज्याच्या तक्रार कार्यालयाने अर्ज, फोटो, पावती असे सारे मागवून घेतले, त्या माणसाला एक पत्र धाडले आणि त्याचे उत्तर आले नाही, याच कारणाने तक्रार बंद केली. जो उत्तर देत नाही, त्यालाच त्याचा फायदा व्हावा, हा कुठला न्याय? मुदत संपलेली गॅसची टाकी रंगवून विकणे हा निव्वळ पैशांचा वाद नाही, त्या टाक्यांपासून हातभर अंतरावर माझी मुले झोपणार होती, असे मी बजावले, तेव्हा सुरक्षेचा विभाग वेगळा असल्याचे सांगून त्यांनी दुसरा नंबर दिला आणि त्या विभागाने पुन्हा पहिल्याच कार्यालयाचा.

आता लहान रकमांचे दावे चालवणाऱ्या स्मॉल क्लेम्स न्यायालयात दावा लावायचा आहे, पण त्यासाठी त्याचा पत्ता लागतो, आणि पावतीवर आहे तो केवळ एक बंद पडलेला मोबाईल नंबर. पैसे देण्यापूर्वी अशा माणसाच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या.