'रूट्स' : १९७७ची पाहावी की २०१६ची?

गॅम्बिया नदीकाठच्या जुफुरे गावातला तरुण कुंटा किंटे पकडला जातो आणि १७६७ साली गुलाम म्हणून अमेरिकेत ॲनापोलिसच्या बंदरावर उतरवला जातो. पुढे त्याची लेक किझी, नातू चिकन जॉर्ज, पणतू टॉम अशी ही कथा अमेरिकेतलं यादवी युद्ध संपेपर्यंत चालते. ॲलेक्स हेली यांच्या १९७६च्या 'रूट्स' पुस्तकावर ही टीव्ही मालिका दोनदा निघाली. एकीलाच वेळ असेल तर माझा कौल १९७७च्या मालिकेला. फक्त तिच्या आफ्रिकेतल्या भागाला नाही.

जुनी मालिका एबीसी वाहिनीने जानेवारी १९७७मध्ये सलग आठ रात्री दाखवली. शेवटचा भाग सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला. तिची लांबी साडेनऊ तासांच्या आसपास आहे. २०१६ची हिस्टरी वाहिनीवर चार रात्रींत संपली, म्हणजे साधारण सहा तास. पिढ्यांच्या गोष्टीत हा फरक फार मोठा आहे.

आफ्रिका मात्र नवीनच पाहावी. जुन्या मालिकेतलं जुफुरे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात उभारलेलं होतं आणि ते जगापासून दूर, निरागस खेडं वाटतं. प्रत्यक्षात ते गाव व्यापाराच्या नदीवर वसलेलं होतं, इंग्रजांचा किल्ला जवळच्याच बेटावर होता. नव्या मालिकेत हा व्यापार दिसतो, कुंटाच्या मांडिंका जमातीतल्या योद्ध्यांचं कडक शिक्षण दिसतं, आपल्याच भागातल्या माणसांना पकडून विकणारे लोकही दिसतात. जुन्या मालिकेत गुलामांच्या जहाजावर सदसद्विवेकाने बेचैन होणारा कप्तान आहे. एड ॲस्नर यांनी तो चांगला वठवलाय, पण तळघरात साखळदंडात पडलेल्या माणसांचा वेळ त्याच्या घालमेलीला द्यावा, हे मला पटत नाही.

कुंटाला 'टोबी' हे नाव कबूल करायला लावण्यासाठी चाबकाने फोडतात, तो प्रसंग दोन्हींत आहे आणि दोन्हींत तो अंगावर येतो. जुन्यातला लेव्हार बर्टन तेव्हा कॉलेजात शिकणारा मुलगा होता. तोच बर्टन नव्या मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक आहे. नव्यातला मालाकाय कर्बी जास्त धारदार आहे, त्याचा कुंटा शेवटपर्यंत योद्धाच राहतो. जुन्या मालिकेत प्रौढ कुंटा म्हणून जॉन एमॉस येतो. पळताना पकडला गेला म्हणून त्याचं अर्धं पाऊल तोडलं जातं. पुढे तो बेलशी लग्न करतो, लेकीचा बाप होतो, आणि आता पुन्हा पळायचं तर काय काय मागे टाकावं लागेल, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर दिसत राहतो. गुलामी माणसाला घरच्या मायेनेही बांधून ठेवते, हे मला एमॉसच्या कुंटाकडे पाहून कळलं.

किझीसाठी तर जुनीच. व्हर्जिनियाच्या १६६२च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरत असे. बाप मालक असला तरी गुलाम बाईचं पोर गुलामच. आपल्याकडे मलिक अंबर इथिओपियातून विकत विकत दख्खनला आला, मालकाच्या मृत्यूनंतर मोकळा झाला आणि निजामशाहीचा कारभार चालवू लागला. किझीच्या पोटी टॉम ली या मालकाच्या बलात्कारातून जॉर्ज जन्मतो, त्याला असा कुठलाच दरवाजा नाही. तो बापाचाच माल. जुन्या मालिकेत लेस्ली अगम्स किझीला तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत नेते. लहानपणची गोरी मैत्रीण मिसी ॲन तिला अनेक वर्षांनी भेटते आणि ओळख नाकारते. किझी तिला पाणी देते, पण आधी त्या पाण्यात थुंकते. नवीनमधली अनिका नोनी रोज समर्थ अभिनेत्री आहे, पण अख्खं आयुष्य सरल्याची जाणीव व्हायला लागणारी सवड तिला मिळत नाही.

शेवटाकडे नवी पुन्हा सरस ठरते. यादवी युद्धातल्या, १८६४च्या फोर्ट पिलोच्या कत्तलीत शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना कसं मारलं, ते ती दाखवते. स्वातंत्र्य कोणी आणून हातात ठेवलं नव्हतं, हे तिथे स्पष्ट होतं.

इतिहास म्हणून दोन्हींवर विसंबू नका. हेलींच्या वंशावळीतले दुवे अभ्यासकांना कागदपत्रांत जुळले नाहीत, आणि दुसऱ्या एका कादंबरीतला मजकूर पुस्तकात आल्याचा खटला त्यांना १९७८मध्ये पैसे देऊन मिटवावा लागला. व्यवस्थेचं चित्र खरं आहे, या घराण्याचा तपशील तसाच्या तसा घडला असं समजू नका.

घरात शाळकरी मुलं असतील तर नवीनमधली मारझोड आणि जहाजावरचे प्रसंग आधी एकट्याने पाहा. जुनी त्या मानाने सौम्य आहे, तरी किझीवरचा अत्याचार दोन्हींत आहे.

माझ्या मते उत्तम मार्ग असा: २०१६चा पहिला भाग पाहा, म्हणजे जुफुरे, जहाज आणि चाबूक. मग १९७७ची मालिका जॉन एमॉस येतो तिथून पुढे लावा. तिथे तसाही नट बदलतो, त्यामुळे जोड खटकत नाही. संपल्यावर दोन तास उरले तर २०१६चा शेवटचा भाग, फोर्ट पिलोसाठी.