स्लीपरची झीज: काँक्रीट कडक करायचं, लेप द्यायचा की पॅड बदलायचे?

गोव्यातल्या कुळ्याहून घाटमाथ्यावरच्या कॅसल रॉककडे चढताना गाडी ३७ फुटांमागे १ फूट वर जाते. पावसात रूळ ओला असला की इंजिन चाकांपुढे वाळू सोडतं, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरतात. हीच वाळू पाण्याबरोबर रुळाखालच्या रबर पॅडच्या तळाशी शिरते. मग वर थरथरणारा रूळ, खाली काँक्रीटचा स्लीपर (रुळांना आधार देणारी आडवी तुळई) आणि मधे वाळू, असा पाटा-वरवंटा सुरू होतो. बैठक, म्हणजे स्लीपरवर रूळ टेकतो ती जागा, झिजली की रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपची पकड सैल पडते, रूळ बाहेर कलतो, गेज (दोन रुळांमधलं अंतर) वाढतो. सावर्डे-कुडचड्याकडच्या सायडिंगवर (माल भरण्याच्या बाजूच्या रुळांवर) वाळूचं काम खनिजाची भुकटी करते.

नवे स्लीपर घेणार असाल तर पैसे काँक्रीटवरच घाला. आपल्याकडे एम-५५ (दाब सोसण्याच्या ताकदीची प्रत) ठरलेलंच आहे, पण दाबाला टिकणारं काँक्रीट घासण्यालाही टिकेलच असं नाही. आधी झिजतो तो वरचा सिमेंटचा थर. म्हणून पाणी कमी, खडी कठीण, सिमेंटच्या ५ ते १० टक्के सिलिका फ्यूम (काँक्रीट घट्ट करणारी बारीक भुकटी) आणि क्युरिंगमध्ये, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरवण्यात, घाई नाही, एवढं कारखान्यात आग्रहाने मागा. स्लीपर साच्यात उलटा ओततात, बैठक तळाशी येते. तिथे कंपन कमी पडलं तर नेमकी तीच जागा सच्छिद्र राहते.

बैठकीवर द्यायचा इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या राळेचा) लेप मला कागदावर जास्त आवडतो. पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ हवा, ब्लॉक (गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ) मिळायला हवा, लेप सुकायला वेळ हवा. जूननंतर गोव्यात हे जमवून दाखवा! ओलाव्यावर चढवलेला लेप पापडासारखा सुटतो. उन्हाळ्यात, तेही फक्त चढावर आणि वळणांवर, तो पैसे वसूल करतो. सपाट, सरळ सायडिंगला नको.

पॅड बदलणं सर्वांत स्वस्त. ६ मिलीमीटरच्या पॅडच्या खाचा सपाट झाल्या किंवा पॅड सरकला, तर पावसाआधी बदला आणि खालची भुकटी झाडून काढा. पण खड्डा पडलेल्या बैठकीवर नवा पॅड म्हणजे फुकटचा खर्च. पॅड काढल्यावर बैठकीवर पोलादी पट्टी आडवी धरा. बाहेरच्या कडेला पट्टीखालून उजेड दिसला, तर आधी इपॉक्सी मॉर्टरने (वाळू मिसळलेल्या इपॉक्सीने) बैठक भरून घ्या, पॅड त्यानंतर.