मानेवाडा रोडवरचं कूलर सर्व्हिसिंगचं दुकान आणि माझा मित्र

आधी कामाचं सांगतो. नागपुरात मानेवाडा रोड सोडून आत गल्लीत हे दुकान आहे, बोर्ड नाही, बाहेर लोखंडी कूलरच्या बॉड्या ओळीनं उभ्या दिसल्या की समजायचं आलं. सर्व्हिसिंगचे ४०० रुपये, वुडवुल (कूलरच्या बाजूच्या जाळ्यांत, म्हणजे ताट्यांत भरतात ते लाकडाचे बारीक तंतू) आणि पंप लागला तर त्याचे वेगळे. घरी येतात, टाकी घासून काढतात, तिन्ही ताट्यांचं जुनं वुडवुल काढून नवीन भरतात, वरच्या पाइपची भोकं क्षारानं बुजलेली असतात ती तारेनं एक एक मोकळी करतात, नाहीतर पाणी एकाच बाजूनं पडते आणि अर्धी ताटी कोरडी राहते. मार्चमध्ये नंबर लावून ठेवा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, फोन केला तर चार दिवस कोणी येणार नाही, माझ्याकडे पण यायला त्यांना दोन दिवस लागले, आणि फोन कधी कधी उचलत नाहीत हे खरं आहे.

दुकान माझ्या मित्राचं. होतं, असं अजून तोंडातून निघत नाही.

आठवीपासून आम्ही एका बाकावर. दहावीनंतर त्यानं आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं, मी कॉमर्सला गेलो, पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर भेटणं काही सुटलं नाही. त्याचे बाबा लवकर गेले तर लहान भावाचं सगळं शिक्षण यानंच केलं, दिवसा कूलर, थंडीत गिझर आणि मोटरी रिवाइंडिंग, आणि कधी तोंडातून एक शब्द नाही की माझ्यावर किती भार आहे.

काम कसं करायचा ते सांगतो. घरात आला की पहिले टेस्टर काढायचा. कूलर लोखंडी, त्यात पाणी, आणि अर्ध्या घरांत अर्थिंग नावालाच असते. "आधी अर्थिंग, मंग थंडी," हे त्याचं वाक्य. टू पिन लावलेली दिसली तर कूलर चालूच करून द्यायचा नाही, स्वतःच्या पिशवीतली थ्री पिन लावून, तार खेचून मंगच. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, चालू कूलरमध्ये पाणी भरताना ओला हात बॉडीला लागते आणि संपते. त्याच्यामुळे आमच्या घरात माझी आईसुद्धा आता प्लग काढल्याशिवाय पाण्याच्या पाइपला हात लावत नाही.

मी एकदा त्याला म्हटलं, सगळं नवीन टाकूनही खोली थंड होऊन नाही राहिली, नुसतं चिकचिक होते. त्यानं समोरची खिडकी उघडली, बस. "काऊन बे, ताटीतलं पाणी उडताना हवेतली गर्मी घेते, मंग ती ओली हवा जाईल कुठं? तिला वाट दे ना." त्या दिवसापासून खिडकी वीतभर उघडी असते. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायची, डेंगूचा मच्छर अशाच साचलेल्या पाण्यात अंडी देते, हे तो प्रत्येक घरात सांगायचा, कोणी विचारो न विचारो.

२०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, आठवत असेल. त्याच दिवसांत आमच्या शेजारच्या आजीचा पंप जळला, हा दुपारी दोन वाजता डोक्याला ओला दुपट्टा बांधून आला, पंप लावला, आणि पैसे घेतले नाहीत. आजी मागे लागली तर म्हणे, पाणी द्या एक ग्लास, हिशोब झाला.

सीझन कितीही जोरात असला तरी सात वाजता शटर खाली. सात ते साडेआठ पोरीचे. मोठ्या मोठ्या बंगल्यांचे फोन यायचे, तो सरळ सांगायचा की घरी अभ्यास घेतो आहे, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. गिऱ्हाईक तुटले असतील काही, पण त्याला कधी त्याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. तान्ह्या पोळ्याला पोरीसाठी लाकडाचा बैल त्यानं स्वतः केला होता, आणि त्याला चाकं लावली कूलरच्या स्टँडची, एवढी मजबूत की गल्लीतल्या सगळ्या पोट्ट्यांचे बैल आडवे झाले तरी तिचा सरळ चालायचा. वहिनी हिशोब बघायच्या, तर कोणी भाव करायला लागलं की हा म्हणायचा, मालक घरी आहे, तिला विचारा.

मागच्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी गेला. ३९ वर्षांचा होता. दोन दिवस छातीत जड वाटून राहिलं, घाम येऊन राहिला, ॲसिडिटी आहे म्हणून सोडा पिऊन काम करत राहिला. मला पण फोनवर ॲसिडिटीच सांगितली, आणि मी पण हो म्हटलं. एक ईसीजी काढायला लावायचा होता मी. पहाटे १०८ ला फोन केला घरच्यांनी, पण उशीर झाला होता.

आता दुकान वहिनी आणि लहान भाऊ चालवतात. भाऊ हळू काम करतो, जिथं याला पाऊण तास लागायचा तिथं त्याला दोन तास लागतात, पण टेस्टर पहिले काढतो आणि खिडकी पण बघतो. माझ्याकडून पाच पैकी पाच.

परवा तो आमच्याकडे आला. मोटरच्या वरच्या पत्र्यावर, जिथं पाणी लागत नाही, तिथं मित्र दरवर्षी ऑइल पेंटनं लिहून जायचा, काय बदललं आणि कधी. २०१२ पासूनच्या ओळी आहेत. त्यातली एक, "एप्रिल २०१७. वुडवुल नवीन. पोरगी झाली." शेवटची, "मार्च २०२५. पंप ठीक." भाऊ बराच वेळ वाचत उभा होता. मी चहा आणायला आत गेलो, मुद्दामच जरा उशीर लावला. बाहेर आलो तेव्हा त्यानं खाली स्वतःच्या अक्षरात या वर्षीची ओळ लिहिली होती, आणि आतून गंज खरडून सगळीकडे कलर मारत होता, तेवढी जागा सोडून.